न फुटणारा पडदा

१९८७ साली मी शिकवत होते त्या पुलगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला, तेव्हा काचबिंदूनं बाबांची नजर जाऊन वर्ष झालं होतं. मला त्या यंत्राचा रागच आला. यायचंच होतं तर दोन वर्षं आधी यायला काय धाड भरली होती?

बाबा म्हणजे नाचणगावचे नानाजी गुरुजी. तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. तारेची चौकट घ्यायचे, समोरासमोरचे दोन कोपरे वर वाकवायचे, उरलेले दोन खाली, आणि ती साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचे. तारेवर पातळ पडदा ताणलेला असे, मधोमध खोगिरासारखा. "पाहा पोरंहो, ही चौकट झाकाले याहून कमी..." एवढ्यात पडदा फुटायचा आणि वर्ग हसायचा. मीही हसले आहे. न फुटणारा पडदा एकदा भेटावा, असं ते नेहमी म्हणत. तो त्यांच्यापर्यंत पोचवायचाच, असं मी ठरवलं.

कॉम्प्युटरवर तो काढायची रीत साधी होती. चौकटीत बिंदूंची जाळी मांडायची आणि प्रत्येक बिंदूला शेजारच्या चौघांच्या उंचीची सरासरी द्यायची, पुन्हा पुन्हा. उत्तर अगदी अचूक नाही म्हणून काटेकोर गणिती नाक मुरडतील, मुरडोत बापडे. पण माझा पडदा दर खेपेला पोळपाटासारखा सपाट होई. आठवडाभर डोकेफोड करून मी घरी येऊन बाबांवरच चिडले.

ते तुरीच्या शेंगा सोलत होते. "कडेच्या बिंदूंचं काय केलं वं, नलू?"

"त्यांचीही सरासरी काढली."

"मंग तार कोनं धरली? पडद्याले तार धरून ठेवते, पोरी. कडेले हात लावू नोको."

गुरुजींच्या एम.एस्सी. झालेल्या मुलीनं चौकटच सोडून दिली होती. मला लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर खोगीर उमटलं. ते पाहून मला रडू आलं, कारण ज्यांना दाखवायचं त्यांना ते दिसणार नव्हतं. प्रयोगशाळेतले रूपराव वर्षानुवर्षं परीक्षेचे पेपर टाइपरायटरची रिबन बाजूला करून स्टेन्सिलवर ठोकत आलेले. रडण्याचं कारण ऐकून ते म्हणाले, "म्याडम, प्रिंटरची रिबन काढा अन् रोलरले सायकलचा ट्यूब लपेटा. जाड कागदावर ठसा उठते, मांगून हाताले लागते."

त्याच संध्याकाळी मी तो कागद उलटा करून बाबांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं बोट आधी कडेकडेनं फिरलं. वरचा कोपरा, खालचा कोपरा. मग उतारानं आत आलं, आणि मधोमध पोचताच त्यांनी ते झटकन मागे घेतलं.

"काय झालं बाबा?"

"फुटन नं वं."

"नाई फुटत." मी त्यांचा हात धरून पुन्हा मधोमध ठेवला.

मग ते ताठ बसून, समोर वर्ग असावा तसे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पाहा पोरंहो, ही चौकट झाकाले याहून कमी कापड लागतच नाई."