कोचचा न वाकणारा गुडघा

"सीझनमध्ये कोच 'गॅस झालाय' म्हणाला, की विश्वास ठेवू नकोस, पोरी. माझा हार्लन असाच गॅस गॅस म्हणत वर गेला," असं जुन्या कोचच्या विधवेनं, ओडेसा प्रुइटबाईंनी, जनेलला गावात आल्या आल्या सांगितलं होतं. जनेल हसली होती. तिच्या काळजीचा सगळा साठा आठ महिन्यांच्या लेकीसाठी, रेनसाठी राखीव होता. रेन शिंकली की जनेल डॉक्टरला फोन करायची, आणि शिंकली नाही तरी करायची.

नवरा रॉइस टिलरी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा कोच. अलाबामातल्या त्या गावात देवाच्या खालोखाल कोच. जिंकत असला तर देवाच्याही वर. हरला की मात्र लोक त्याच्या अंगणात 'घर विकणे आहे'च्या पाट्या ठोकून जात, म्हणजे गाव सोडून चालता हो. त्या वर्षी पाट्यांचं भरघोस पीक आलं. रॉइस सकाळी उठून त्या उपटायचा आणि ॲसिडिटीच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या तोंडात टाकायचा.

"छातीत दुखतंय ना? डॉक्टरकडे चल."

"सीझन संपू दे. आणि गॅस आहे गं. तुझ्या मॅकरोनीचा."

मॅकरोनीचं नाव काढल्यावर जनेल भडकली, आणि भांडणाच्या नादात छाती राहूनच गेली.

शेवटचा सामना शेजारच्या गावाशी. हरला तर नोकरी जाणार, हे बँडवाल्यांनाही ठाऊक. पण शेवटच्या डावात पोरांनी चेंडू रेषेपार नेला आणि सामना जिंकला. मग रिवाजाप्रमाणे दोन धिप्पाड पोरांनी बर्फाच्या पाण्याचं पिंप उचललं आणि कोचच्या डोक्यावर रिकामं केलं.

रॉइस हळूहळू गुडघ्यांवर बसला.

"अगं बाई! देवाचे आभार मानतोय बघ!" जनेलशेजारी बसलेल्या डार्ला स्टोक्सनं डोळे पुसले. अंगणातली सगळ्यात मोठी पाटी तिचीच.

कोच बसला म्हणून पोरंही हेल्मेट काढून गुडघ्यांवर बसली. बँड थांबला. पाद्रीबाबांनी टोपी काढली आणि अख्ख्या स्टेडियमनं माना खाली घातल्या.

एकटी जनेल बघत राहिली. रॉइसचा डावा गुडघा तो स्वतः खेळायचा तेव्हाच मोडलेला, आत लोखंड, जरा वाकवला की कळ मस्तकात. चर्चमध्येही तो उभाच राही. लग्नाची मागणीसुद्धा त्यानं मोटारीला टेकून, उभ्यानंच घातली होती. जो गुडघा देवासमोर वाकला नाही आणि तिच्यासमोरही नाही, तो एका सामन्यासाठी वाकणार होय?

"धरा हिला!" रेनला डार्लाच्या मांडीवर टाकून ती पायऱ्या उतरत पळाली.

"शू! प्रार्थना चाललीय," पाद्रीबाबा पुटपुटले.

"प्रार्थना कसली, डोंबल! मरतोय तो! ॲम्ब्युलन्स आणा!"

आयुष्यात पहिल्यांदाच, रेन सोडून दुसऱ्या कुणासाठी तिनं एवढा आरडाओरडा केला होता. रॉइस वाचला. शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी विचारलं, "शेवटचा डाव टीव्हीवर पुन्हा दाखवला का?" डार्लानं पाटी उपटली आणि भलंमोठं मॅकरोनीचं भांडं आणून दिलं. जनेलनं ते शेजारच्या कुत्र्याला घातलं.

आता नवा सीझन आलाय. काल रॉइस सोफ्यावर आडवा, हात छातीवर. "गॅस," म्हणाला. जनेलनं पुढचं ऐकलंच नाही, मोटारीची किल्ली घेतली.

तुमच्याही घरी सोफ्यावर कुणी असं 'गॅस आहे' म्हणत पडलं असेल, तर ही गोष्ट वाचत काय बसलात? उठा आधी, आणि जरा बघून या.