पुढचे तीन दात

बारकीचा माजी नवरा परदेशात नेमका कुठे राहतो, हे तिथल्या बँकेला ठाऊक होतं, तिथल्या न्हाव्याला ठाऊक होतं. फक्त ज्या कोर्टाने त्याला दरमहा पोटगी द्यायला सांगितली होती, त्या कोर्टाला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला पैसे आले. मग उशिरा आले, मग अर्धेमुर्धे आले, आणि मग गृहस्थाने नोकरी बदलली, घर बदललं, फोन बदलला आणि जो गडप झाला तो झालाच.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा ती तिथली सगळ्यात लहान, म्हणून मालक तिला बारकी म्हणायला लागले. आता चाळिशी आली, चष्मा लागला, तरी नाव काही मोठं झालं नाही. आसपासचे दंतवैद्य लोकांच्या तोंडाची मापं घेऊन पाठवायचे. बारकी त्यात प्लास्टर ओतून जबडे काढायची, मेणात दात बसवायची, कवळ्या घासूनपुसून गुळगुळीत करायची. तिने केलेले दात घालून माणसं हसायची, भांडायची, सफरचंदं खायची, आणि कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही की ते दात लॅबमधून आलेत.

मालकांचे हात आता थरथरायला लागले होते. लॅब विकायची त्यांनी ठरवलं होतं आणि पहिला हक्क बारकीचा, असं तिला सांगूनही टाकलं होतं. दुसरीकडे एका मोठ्या कंपनीचा माणूस रोज फोन करून त्यांचं डोकं खात होता. त्याला इथे यंत्रं बसवायची होती आणि बारकीला त्या यंत्रांची बटणं दाबायला ठेवायचं होतं. साठलेली पोटगी हातात आली तर लॅब बारकीची. नाही आली तर बटणं. सरळ हिशोब होता. शिवाय ते पैसे काही खैरात नव्हते. नवऱ्याला परदेशात शिकायला पाठवण्यासाठी तिनेच दोन-दोन पाळ्या केल्या होत्या आणि स्वतःचं शिक्षण अर्ध्यावर सोडलं होतं. तो शिकला, स्थिरावला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपले विचार जुळत नाहीत.

"मॅडम, फाईल परत आली," वसुली कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले. "तिथल्या कोर्टाचा शेरा आहे. दिलेल्या पत्त्यावर सदर व्यक्ती राहत नाही."

"पुन्हा?"

"पुन्हा. अहो, बाकी सगळं चोख आहे. हुकुमाची प्रत, भाषांतर, थकबाकीचा तक्ता. इथला हुकूम तिथल्या कोर्टात नोंदवला की ते थेट पगारातून कापून घेतात. पण माणूस सापडायला नको? घराचा पत्ता नसला तर नोकरीचा आणा, तो तर त्याहून बरा. काहीतरी आणा!"

"आणते," बारकी म्हणाली. जणू कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई लॅबमध्ये आल्या. त्यांना माजी सासूबाई म्हणायला हवं, पण तसं म्हटलं की त्या चिडायच्या. "घटस्फोट तुमचा झालाय, माझा नाही," असं त्यांनी कोर्टाच्या पायऱ्यांवरच बजावलं होतं आणि त्या दिवशी लेकाच्या नव्हे, बारकीच्या रिक्षात बसून त्या घरी गेल्या होत्या. तेव्हापासून बारकी दर आठवड्याला त्यांच्याकडे जायची, त्यांची औषधं आणायची, आणि दोघी मिळून दूरदर्शनवरच्या मालिकांना नावं ठेवायच्या. लेकाचा विषय मात्र दोघी कटाक्षाने टाळायच्या.

आज त्या स्टुलावर टेकल्या आणि त्यांनी पर्समधून एक रुमाल काढून उलगडला. आत पुढच्या तीन दातांची एक पट्टी होती, मधोमध मोडलेली.

"माझ्या मैत्रिणीच्या भाच्याची आहे," सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "बिचारा लांब असतो. तिकडे नवीन करायला सांगितली तर म्हणे डोळे पांढरे होतील एवढा खर्च. इकडे येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवलीय. तुला जमेल का गं?"

बारकीने तुकडे तळहातावर घेतले. मधला दात किंचित, अगदी किंचित बाजूला कललेला होता. दात फार सरळ असले की खोटे वाटतात, म्हणून तिनेच तो तसा बसवला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी, नवरा उसन्या सायकलवर हात सोडून शायनिंग मारायला गेला आणि नाल्यात तोंडावर आपटला तेव्हा. हे दात खोटे आहेत ही गोष्ट मालक सोडले तर जगात फक्त तिघांना माहीत होती, आणि त्यातल्या दोघी आत्ता समोरासमोर बसल्या होत्या.

"भाचा," बारकी म्हणाली.

"भाचा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांचे कान लाल झाले.

बारकीला आधी संताप आला आणि मग, काय करणार, हसूच फुटलं. ते दाबायला ती खाली वाकून फडताळात जुने साचे शोधू लागली. पोटगी द्यायला याच्याकडे पत्ता नाही, आणि दात मोडले तेव्हा मात्र माझा पत्ता बरोब्बर सापडला!

"करून देते," ती वर येत म्हणाली. "पण आई, बरीच वर्षं वापरलेली पट्टी आहे. शेजारचे खरे दात आता पिवळट झाले असतील. रंग जुळवायला फोटो लागेल. खिडकीपाशी उभं राहून, दिवसाच्या उजेडात, ओठ वर ओढून. दिव्याखाली काढला तर रंग फसतो."

हे ती प्रत्येकच गिऱ्हाइकाला सांगायची. त्यात डावपेच काही नव्हता, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे मालकांनी तिला फार धूर्त ठरवलं.

सासूबाई गेल्यावर मालक आतल्या खोलीतून दाढी खाजवत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ऐकायचं नाही असं त्यांनी आयुष्यात कधी ठरवलंच नव्हतं.

"बारके, मधला दात हिरवा करून पाठव."

"दातांनी काय घोडं मारलंय?"

"मग निदान ढिली तरी कर पट्टी. त्याच्या साहेबांशी बोलताना टपकन पडली पाहिजे चहात."

"मालक, माझं नाव आहे त्या कामावर," बारकी म्हणाली, आणि मालक आतल्या खोलीत परतले, कारण हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

फोटो दोन दिवसांनी सासूबाईंच्या फोनवरून आला. सोबत निरोप होता: भाचा लाजाळू आहे, म्हणून फक्त तोंडच आहे. खरंच, गृहस्थाने नाकापासून वरचा भाग फोटोत येऊच दिला नव्हता. दोन बोटांनी ओठ वर ओढलेला, मधे भलंमोठं खिंडार, खाली इस्त्रीचा शर्ट आणि टाय. आपण ओळखू येणार नाही याची त्याला बालंबाल खात्री असणार. ज्या बाईने त्याच्या जबड्याचा साचा घासूनपुसून काढला, तिच्यापासून हा नाक लपवत होता!

बारकीने दातांच्या रंगांची पट्टी हातात घेतली आणि फोटो मोठा केला. सुळ्याचा रंग पाहिला, हिरडी पाहिली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली. तो उभा होता ती खिडकी घरची नव्हती. दुकानासारखी मोठी काच होती आणि काचेवर बाहेरच्यांसाठी सोनेरी अक्षरं रंगवलेली होती. आतून ती उलटी दिसत होती. बारकीचा दिवस उलट्यासुलट्या जबड्यांतच जायचा, तिला त्यात काय अवघड! तिने फोनवर फोटो आरशातल्यासारखा उलटवला, तर घरं विकणाऱ्या एका कंपनीचं नाव, खाली रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, सगळं स्वच्छ समोर आलं.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मालक!"

मालकांनी वाचलं आणि ते थरथरत्या हातांनी टाळ्या वाजवायला लागले. "काय डोकं आहे तुझं! खिडकीपाशी उभा कर म्हणालीस! लाव, आत्ताच्या आत्ता लाव साहेबांना फोन."

पण बारकीने फोन लावला नाही. ती पुन्हा मेण वितळवायला बसली. मालक तिच्याभोवती घिरट्या घालू लागले.

"आता काय अडलं?"

"आई विश्वासाने आल्या होत्या माझ्याकडे. त्यांच्याच फोनवरून आलेला फोटो मी त्यांच्याच लेकाविरुद्ध वापरायचा? पुन्हा तोंड बघतील का माझं?"

"आणि त्यांच्या लेकाने तुझं तोंड बघितलं का?"

ते खरंच होतं. पण लेक गेला तेव्हा बारकीला रडू आलं होतं ते महिनाभर. सासूबाई गेल्या तर किती दिवस येईल, याचा तिला अंदाज करवेना. लॅब हवी होती, मनापासून हवी होती. रात्री डोळे मिटले की दारावरची नवी पाटी दिसायची. म्हणून तिने ठरवलं की पत्ता द्यायचाच, पण चोरून नाही.

दात तयार झाले तशी ती ते डबीत घालून सासूबाईंच्या घरी गेली. सासूबाईंनी चहा टाकला. बारकी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, कारण बसलं तर बोलवणार नाही अशी तिला भीती होती.

"आई, भाच्याच्या फोटोत मागे काचेवर त्याच्या ऑफिसचा पत्ता आहे. मी उद्या तो वसुली कार्यालयात देणार आहे. दात केलेत, चांगले केलेत, ते पाठवा. पण पत्ता मी देणार. आधी तुम्हाला सांगायला आले. रागावायचं तर रागवा."

सासूबाईंनी गॅस बारीक केला. "माझ्या मैत्रिणीच्या भाच्याचा पत्ता तुला कशाला गं?"

"आई."

"बरं, बरं." त्या हात पुसत बाहेर आल्या, फोन घेतला आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी फोन बारकीपुढे धरला. "हा बघ. भिंतीपुढचा. आणि हा पडद्यापुढचा. तीन फोटो पाठवले होते त्याने. उजेड तिन्हींत होता."

"आणि तुम्ही मला काचेपुढचाच पाठवलात," बारकी म्हणाली.

"मला ती परकी अक्षरं वाचता येत नाहीत, त्यात उलटी. पण काचेवर कुणी काही लिहितं ते लोकांनी शोधत यावं म्हणूनच ना?" सासूबाई म्हणाल्या. "मी किती वेळा विचारलं त्याला, बाळा, राहतोस कुठे? तर म्हणतो, पत्ता कशाला हवा, फोन आहे ना. घाबरतो, मी तुला सांगेन म्हणून. अगं, आई आहे मी त्याची. मलाही त्याने कोर्टासारखंच टोलवलं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "वाच बघू, कुठे बसतो तो?"

बारकीने वाचून दाखवलं. सासूबाईंनी ते परकं नाव दोनदा म्हणून बघितलं, चुकलं, पुन्हा म्हटलं. चहा उतू गेला तेव्हा कुठे दोघींना गॅसची आठवण झाली. बारकीने त्यांना घट्ट मिठी मारली. तिला रडायला येत होतं आणि हसायलाही, आणि सासूबाई म्हणत होत्या, "अगं सोड, आधी ओटा पूस."

वसुलीवाल्या साहेबांनी पत्ता ऐकला आणि खुर्चीतून उठून हात मिळवला. "नोकरीचा! मॅडम, सोन्याहून पिवळं झालं!" दात आले तसेच कुणाबरोबर तरी गेले, फाईलही गेली. सरकारी काम ते, वेळ लागायचा तेवढा लागला. पण तिथल्या कोर्टाने हुकूम नोंदवला, कंपनीला कळवलं, आणि पगारातून दरमहाची पोटगी आणि थकबाकीचा हप्ता कापला जाऊ लागला. पहिला हप्ता आला त्या दिवशी मालकांनी यंत्रवाल्या कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं, "आता डोकं खायला दुसरं गिऱ्हाईक बघा." लॅबचे पैसे पोटगी येईल तसे हप्त्याहप्त्याने दिलेस तरी चालतील, असं बारकीला म्हणाले आणि किल्ल्या तिच्या टेबलावर ठेवून आतल्या खोलीत डोळे पुसायला गेले.

पाटी लावायच्या दिवशी सासूबाई लॅबमध्येच होत्या, सुतार कसा वाकडी पाटी लावतोय ते सांगत. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. लेक होता. आवाज असा चढला होता की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. ऑफिसमध्ये शोभा झाली, साहेबाने बोलावून घेतलं, पगार कापला, सगळं सगळं.

"आई, माझा पत्ता तिला कुणी दिला?"

सुताराचा हातोडा थांबला.

"मी दिला," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडून फक्त "काय?" आलं.

"आणि हे बघ, तो ऑफिसचा झाला. आता घरचा सांग. मला हवाय, माझ्यासाठी. नाही सांगितलास तर तोही शोधून काढीन. आता मला सवय झालीय."

फोन ठेवला असावा असं बारकीला वाटलं. मग पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि लेक, हळू आवाजात, सांगू लागला.

सासूबाईंनी बारकीच्या हातातली पेन्सिल ओढून घेतली आणि टेबलावर पडलेल्या प्लास्टरच्या जबड्यावर लिहायला सुरुवात केली.

"सावकाश सांग," त्या म्हणाल्या. "नवे दात आहेत ना आता? नीट एकेक अक्षर सांग."