काळ्या खिडकीतली हाक

धरणाच्या कचेरीत संगणक सांभाळणाऱ्या सूनबाईंचा आवराआवरीचा सोस त्या दुपारी अंगाशी आला. शेल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात आज्ञा टाइप करून मशीनकडून काम करून घेतात. या शेलला सूनबाईंनी कधीकाळी ‘आवर’ हा शब्द शिकवून ठेवला होता: आहोत तिथलं सगळं उचलायचं आणि अडगळीत टाकायचं. आज तिने तो दिला खरा, पण त्या वेळी ती होती मशीनच्या आज्ञांच्याच कप्प्यात. यादी दाखवणारी, नक्कल करणारी, हलवणारी, सगळी मंडळी एका फटक्यात घराबाहेर पडली.

मशीनवर अकरा दिवस पुराचं गणित चाललं होतं. ते तासाभरात संपणार होतं, आणि उत्तर जपून ठेवायला त्याला ह्याच आज्ञा लागणार होत्या. मशीन बंद करून चालू करावं, तर अकरा दिवस पाण्यात. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, ते त्या उत्तरावर ठरायचं.

अडगळ कुठे केली होती तेही तिला आठवेना. शेवटी मुकाट्याने तिने सासूबाईंना फोन लावला. तीस वर्षं हेच काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. घरी दोघींचं टीव्हीच्या रिमोटवरूनही पटत नसे.

“आई, साधी यादीसुद्धा निघत नाहीये. मीच घालवलं सगळं.”

“खिडकी उघडी आहे ना? ती बंद करू नकोस. शेलला स्वतःचेही हातपाय असतात गं, काही आज्ञा तिच्या पोटातच असतात. सगळ्यात वरच्या कप्प्यात जा, ‘एको’ लिही आणि पुढे चांदणीचं चिन्ह (*) दे.”

“एको तर दिलेलंच परत बोलते.”

“चांदणी दिसली की शेल तिच्या जागी तिथली सगळी नावं मांडतं. कर तर.”

नावं आली. त्यात ‘नकोते’ नावाचा कप्पा होता. हीच ती अडगळ; बारसं तिनेच केलेलं.

“आता हलवायची आज्ञा ‘नकोते’मधला पूर्ण पत्ता देऊन बोलाव. तिच्याकडूनच बाकीच्यांना घरी आण.”

एका ओळीत सगळी बिऱ्हाडं जागेवर आली. इतकी वर्षं जिला ती नुसता दरवाजा समजत होती, ती खिडकी एकटीने घर सावरून उभी होती. सूनबाईंना तिचं कौतुक वाटलं, आणि फोनवरच्या बाईंचं त्याहून जास्त.

पाऊण तासाने गणित संपलं आणि उत्तर नीट साठवलं गेलं. फोन ठेवायचं दोघींनाही सुचलं नव्हतं.

“आई, आज तुम्ही नसता तर...”

“उत्तर काय आलं?”

“पूर यायला आठवडा आहे, असं सगळे धरून बसलेत. पण पाणी परवा पहाटेच येतंय.”

“मग आजपासूनच दरवाजे थोडे थोडे उघडायला सांग. माझं कौतुक कुठे पळून जात नाही.”