वाडग्याचा तळ

दुकानाला पाटी नव्हती. नुसतं लोखंडी दार, आणि त्यासमोर पाऊण तास रांगेत ताटकळणारी शहाणीसुरती माणसं. कुसाकाबे पुरता बिघडला, हे हारुएला बाहेरूनच कळलं.

"अगं, हे दुकान आहे की शवागार?" तिने विचारलं.

"हळू बोल, तो आत आहे," नोबुको म्हणाली.

तो आत होता म्हणूनच तर ती आली होती. हा कुसाकाबे तिच्या नवऱ्याच्या, शिगेओच्या, रामेनच्या दुकानात नऊ वर्षं राबला आणि मग भांडून निघून गेला. यंदा शिगेओच्या मनगटांनी पारच दगा दिला, दुकान बंद पडलं, आणि लगेच या गृहस्थाचं पत्र हजर. तुमच्या दारावरचा निळा पडदा मला द्या, तुमच्या नावाने दुकान चालवतो. पडदा द्यायचा म्हणजे चाळीस वर्षांची अब्रू द्यायची. दोन महिन्यांनी शिगेओ म्हणाला, "तू खाऊन ये. तुझी जीभ सांगेल तसं करू." हारुएचा नकार तयारच होता. नोबुको आणि चिझुको या दोघी मैत्रिणींना तिने साक्षीला घेतलं होतं.

आत जेमतेम आठ खुर्च्या, गिलावा न केलेल्या भिंती, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर कोणीतरी सॅक्सोफोन रडवत होतं. काउंटरपलीकडे काळ्या कपड्यांतल्या कुसाकाबेने तिला पाहिलं, मान खाली लववली आणि पुन्हा कामाला लागला. प्रत्येकीपुढे एक कार्ड होतं: आधी तीन चमचे रस्सा, मग नूडल्स, मग मांस.

"रामेन खायला आता अभ्यास करून यायचं का?" हारुए म्हणाली.

शेजारचा तरुण तर आवाजही न करता एकेक नूडल तोंडात सरकवत होता. रामेन खायची ती भुरके मारतच; असल्या मिळमिळीत गिऱ्हाइकाला शिगेओने दोन शब्द सुनावले असते. शिगेओ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसे, परत आलेल्या वाडग्याच्या तळाकडे बघे. तोंडं खोटं बोलतात, म्हणायचा. कुसाकाबेही तेच शिकला होता. म्हणून हारुएने ठरवलं होतं, अर्धा वाडगा तसाच ठेवायचा. एक शब्दही खर्च करायला नको.

वाडगे आले. वर पांढरा फेस आणि एकुलतं एक पान.

"भांडी विसळायची राहिली वाटतं," ती म्हणाली. चिझुको फोटो काढत सुटली होती, तिला हारुएने दटावलं. "अगं बाई, लगदा होईल त्याचा! गीळ आता!"

हारुएने तिरस्काराने फेस बाजूला सारला आणि रस्सा तोंडात घेतला.

सुक्या मासळीचा रस्सा. कडवटपणाचा मागमूस नव्हता. म्हणजे एकेका माशाचं डोकं हाताने खुडलं होतं, पोट साफ केलं होतं. शेवटची पाच-सहा वर्षं दुखऱ्या मनगटांमुळे शिगेओला ते जमत नव्हतं. तो मासे अख्खेच टाकायचा. रस्सा कडू व्हायचा, गिऱ्हाइकं कमी व्हायची, आणि ती रोज म्हणायची, छान झालाय. हा शिगेओचा वीस वर्षांपूर्वीचा रस्सा होता. तिला भयंकर राग आला. कुसाकाबेचा, नवऱ्याचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. त्या रागातच ती भुरके मारत खात राहिली, इतक्या मोठ्याने की शेजारचा तरुण दचकला.

मग जन्माच्या सवयीने तिने वाडगा उचलून काउंटरच्या वरच्या फळीवर ठेवला, समोरची जागा फडक्याने पुसली, आणि तेव्हा तिला दिसलं. तळाशी थेंबही उरला नव्हता.

कुसाकाबे वाडग्यात बघत होता.

"तो फेस बंद कर," हारुए खेकसली.

"हो, बाई."

"ती कार्डं चुलीत घाल. आणि ते रडगाणंही."

"हो, बाई."

नोबुकोने तिची बाही ओढली, पण ती थांबली नाही.

"आणि दार लाकडाचं करून घे, मूर्खा. लोखंडाच्या दारावर आमचा पडदा शोभणार नाही."

कुसाकाबे वाडगा छातीशी धरून तसाच उभा राहिला. त्याच्या मागे कोणाच्या तरी नूडल्सचं पाणी उतू जात होतं.