कॅप्टन चूक काढत नाहीत

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता पुनर्वसन वॉर्डात कॅप्टनची चाचणी तिसऱ्यांदा झाली, आणि तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक चूक जशीच्या तशी परत केली.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, "माझी भाऊ आली." कॅप्टन म्हणाले, "माझी भाऊ आली." ती म्हणाली, "सूर्य संध्याकाळी उगवतो." तेही त्यांनी खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. थेरपिस्टचा स्वर वाक्याच्या शेवटी किंचित वर चढला होता, तो चढही त्यांनी गाळला नाही.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्यापासून ते स्वतःहून एक शब्द बोललेले नाहीत. मात्र समोरच्याने काही म्हटलं की तेच परत म्हणतात. डॉक्टरांना एवढंच ठरवायचं होतं की ऐकलेल्याचा अर्थ आत पोचतो की नाही. अर्थ पोचत असेल तर अशी माणसं चुकीचं वाक्य परत म्हणताना बहुतेक वेळा नकळत सुधारून म्हणतात. पोचत नसेल तर पोपट. उजव्या हाताची हालचाल गेली आहे. डावा उचला म्हटलं तर कधी उचलतात, कधी नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरेना. समजतं असं दिसलं तर वॉर्डातला पलंग आणि रोजचे धडे पुढे चालू राहतील. नाहीतर त्यांना गावाबाहेरच्या देखभाल केंद्रात हलवतील. तिथे अंघोळ, जेवण, औषधं सगळं वेळेवर होतं. बोलायला कुणी शिकवत नाही.

चाचणी संपल्यावर कॅप्टनची बायको थेरपिस्टच्या मागोमाग दारापर्यंत गेली. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंतीवरची अक्षरं लोकांना वाचता येतात की नाही हे पाहणं तिच्या रोजच्या सवयीचं. चाचणी म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, ह्यांनी आयुष्यात कुणाची चूक काढली नाही. चूक न काढायचाच तर पगार घेतला."

हे खरं होतं. कॅप्टन हे त्यांचं नाव नाही, हुद्दा आहे. मोठ्या हॉटेलच्या डायनिंग हॉलमध्ये वेटरांच्या वरचा तो कॅप्टन. पाहुणे बहुतेक इंग्रजी बोलणारे आणि मेनूवरचे पदार्थ चार देशांचे, चार भाषांतले. पाहुणे ब्रुस्केटा या इटालियन टोस्टला ब्रुशेटा म्हणत, न्योकीला ग्नोची, क्वासाँला क्रोसाँट. कुणी एस्प्रेसो कॉफीऐवजी एक्सप्रेसो मागे. पाहुणा जसं म्हणेल तसंच ऑर्डर परत म्हणताना म्हणायचं, हा कॅप्टनचा नियम होता. नवा वेटर ब्रुशेटा ऐकून "ब्रुस्केटा, सर?" म्हणाला, की संध्याकाळी त्याला बाजूला घेऊन सांगत, की पाहुणा भूक घेऊन येतो, परीक्षा द्यायला येत नाही. शिवाय त्यात चूक तरी काय, असं त्यांचं मत होतं. पाहुण्यांच्या घरी तसंच म्हणतात. परक्या मुलखातला शब्द त्यांच्याकडे नांदायला गेला, त्यांनी त्याला त्यांच्या पद्धतीने हाक मारली.

थेरपिस्टने हे सगळं उभ्याने ऐकलं. ती तुसडी नाही; तिने घड्याळाकडेही पाहिलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या चाचणीतली चूक त्यांना समजली तरी ते दाखवणार नाहीत, असं तुमचं म्हणणं. असेलही तसं. पण 'असेलही'वर पलंग मिळत नाही."

दुपारी हॉटेलचा जुना बारमन भेटायला आला. कॅप्टनशी त्याचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलंही नाही. बारमन पाहुण्यांना तोंडावर सुधारायचा. एक्सप्रेसो मागणाऱ्याला त्याने एकदा सांगितलं होतं की साहेब, ती स्टेशनावर मिळते, इथे कॉफी आहे. बक्षिशी कमी पडली की तो म्हणे, कॅप्टनच्या जिभेला कणा नाही आणि माझ्या जिभेला लगाम नाही, दोघांची सरासरी काढली तर एक बरा माणूस होईल.

तो पलंगाजवळ बसला आणि जुन्या थट्टेच्या नावाने म्हणाला, "काय रे लोणकढी, किती दिवस आराम?"

"काय रे लोणकढी, किती दिवस आराम?" कॅप्टन म्हणाले. आवाज बारमनचा, घोगरेपणासकट.

बारमनला हसू आलं. तीन-चार वेळा त्याने मुद्दाम काहीबाही म्हणून पाहिलं. मग त्याचं हसू थांबलं. गेल्या आठवड्यात कॅप्टनच्या लेकीचंही असंच झालं होतं. ती दूर राहते, आईने फोन त्यांच्या कानाला लावला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी बोलतेय." पलीकडून उत्तर आलं, "बाबा, मी बोलतेय." त्यानंतर फोन लावला की ती आधी आईशी बोलते आणि नंतरही आईशीच.

व्हरांड्यात बायकोने बारमनला चाचणीचं सांगितलं. तो म्हणाला, वाक्यं कसली विचारता वहिनी, त्याचे स्वतःचे शब्द विचारा, ब्रुस्केटा विचारा, मास्कारपोने विचारा.

"मास्कारपोने?" ती म्हणाली.

ते चीज हो, त्याने सांगितलं, तुमच्या वाढदिवसाच्या केकमध्ये कॅप्टन घालतो ते.

लग्न झाल्यापासून ती त्याला मार्सकापोन म्हणत आली होती. घरी कॅप्टनही मार्सकापोनच म्हणत. बाजारात ती दुकानदाराकडे मार्सकापोन मागे तेव्हा हे शेजारी पिशवी धरून उभे असत. मग तिने विचारलं, "भाऊजी, म्हणजे घरीसुद्धा मी पाहुणीच होते का?"

बारमन म्हणाला, ते त्यालाच ठाऊक, पण एक गोष्ट आहे. नियम फक्त टेबलापुरता होता. टेबलापाशी पाहुण्याचा उच्चार. पण पाठ वळून स्वयंपाकघराच्या खिडकीशी आलं की कॅप्टन अस्सल उच्चारात ओरडायचा. आतला मुख्य आचारी खडूस होता, ब्रुशेटा म्हटलेलं ऐकलं तर ऑर्डर घ्यायचा नाही. इकडून तिकडे बारा पावलं असतील, तेवढ्यात जीभ बदलायची. हे हजारो वेळा झालंय. डोक्यातून गेलं तरी पायातून गेलं नसेल.

थेरपिस्टने ही कल्पना उडवून लावली नाही. खिडकीशी शब्द बदलला तर तो नुसता प्रतिध्वनी म्हणता येणार नाही, असं ती म्हणाली. ते मी डॉक्टरांपुढे ठेवू शकते. वॉर्डाच्या टोकाला पँट्री आहे आणि तिला जेवणाची ताटं बाहेर द्यायची खिडकी आहे. गुरुवारी दुपारचं जेवण आटोपल्यावर पँट्री रिकामी करून घेतली. बारमन आत उभा राहिला. त्याने कुठून तरी पांढरा ॲप्रन आणला होता.

थेरपिस्ट टेबलाशी बसली. व्हीलचेअरमधल्या कॅप्टनकडे पाहून म्हणाली, "एक ब्रुशेटा, एक एक्सप्रेसो."

"एक ब्रुशेटा, एक एक्सप्रेसो," कॅप्टन म्हणाले. मान अगदी थोडी झुकली. ती मान बायकोने पाहिली.

तिने खुर्ची वळवली आणि खिडकीपर्यंत ढकलत नेली. आतून बारमनने खडूस आचाऱ्याच्या थाटात हाक दिली, "बोला कॅप्टन!"

"बोला कॅप्टन!" कॅप्टन म्हणाले.

बारमनने ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, तेव्हा तशीच ओढली.

थेरपिस्ट पुढे आली. ती म्हणाली, यात यांची चूक नाही, आपली आहे. हाक देऊन आपणच त्यांना परत म्हणायला काहीतरी दिलं. पुन्हा करू या, या वेळी आतून कुणी बोलायचं नाही. तुम्हीही नाही, असं तिने बायकोला सांगितलं.

पुन्हा टेबल, पुन्हा एक ब्रुशेटा, एक एक्सप्रेसो. पुन्हा मान झुकली. खुर्ची खिडकीशी आली. आत बारमन तोंड मिटून उभा. पँट्रीतला फ्रीज घुरघुरत होता, तेवढाच आवाज. थेरपिस्ट मागे उभी राहून वाट पाहत राहिली. ठरलेली वेळ संपल्यावरही तिने आणखी थोडं थांबून घेतलं. कॅप्टन खिडकीतून आत पाहत होते. मग त्यांची नजर बारमनवरून भांड्यांच्या फळीकडे गेली आणि तिथेच राहिली.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल तिघांचं एकमत नाही. बायको खुर्चीच्या बाजूला होती. ओठ हलले, असं तिचं ठाम म्हणणं आहे. पहिलं अक्षर मिटलेल्या ओठांचं होतं, आणि मग ओठ पुढे येऊन थांबले. बारमन अगदी समोर होता. त्याने सांगितलं की ओठ हलले असतील, पण घास चावतानाही ते तसे हलतात. खोटं बोलायचं तर मला काही अडचण नाही वहिनी, असंही तो म्हणाला, पण मग रोज तुमच्याकडे बघायचं कसं? थेरपिस्ट मागे होती; तिला काहीच दिसलं नाही. "ब्रुस्केटा" म्हणण्यासाठी आणि "ब्रुशेटा" म्हणण्यासाठी ओठ सुरुवातीला सारखेच मिटतात, हे तिने नंतर हळू आवाजात सांगितलं. न सांगून चाललं नसतं.

शुक्रवारी भेटीच्या वेळी बायकोने चाचणी वगैरे काही केली नाही. तिने त्यांचं दाढीचं सामान आवरलं, नखं कापली. जाताना न राहवून विचारलं, "तुम्हाला माझ्याबरोबर घरी यायचंय का?"

"तुम्हाला माझ्याबरोबर घरी यायचंय का?" त्यांनी विचारलं. तिच्याच आवाजात, तिच्याच अजिजीने.

ती हो म्हणाली. त्यावर त्यांनीही हो म्हटलं.

डॉक्टरांची बैठक शनिवारी सकाळी झाली. निर्णय सोमवारी कळवू, असं थेरपिस्टने फोनवर सांगितलं. गुरुवारचं दोन्ही बाजूंचं म्हणणं आपण मांडलं आहे, याहून जास्त सांगता येणार नाही. रविवारी संध्याकाळी बायको वॉर्डात गेली तेव्हा कॅप्टन पलंगावर बसून सूप पीत होते. शेजारचा पलंग रिकामा झाला होता. देखभाल केंद्रातून एक गृहस्थ येऊन कॅप्टनची उंची आणि वजन विचारून गेले, असं परिचारिकेने सांगितलं. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.