सक्तीची रजा

कायदा पाळायचा म्हणजे काय करायचं, हे मला दर वर्षी नव्याने शिकावं लागतं. अहो, गाद्यांचा कारखाना चालवतो मी, परीक्षेला नाही बसलेलो! पगारातून काय कापायचं, जादा तासांचे किती द्यायचे, हे जरा डोक्यात बसतंय तोवर नियम बदलतो. यंदाचा ऐकून तर मी कपाळाला हात लावला. साठलेली रजा कामगाराने घेतलीच पाहिजे, नाही घेतली तर दंड मालकाला.

पगाराचं सगळं बायको बघते. ती संगणकावरून मान वर न करता म्हणाली, "मिस्त्रींची रजा सगळी पडून आहे. आठवडाभर तरी घरी पाठवा त्यांना."

मिस्त्री म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. रजेचं नाव काढताच उखडले.

"माझं काय चुकलं, मालक?"

"काही चुकलं नाही हो. भरपगारी रजा आहे, आराम करा."

"घरी कोण आहे माझ्या? भिंतींशी बोलू?"

त्यांची बायको गेल्याच वर्षी वारली होती. मला वाईट वाटलं, पण दंड डोळ्यांपुढे नाचत होता. कामगार यावा म्हणून लोक हातापाया पडतात, मी तो जावा म्हणून पडलो.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला लागूनच असलेलं दुकान उघडतोय तर मिस्त्री दारात हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. "गिऱ्हाईक म्हणून आलोय," म्हणाले आणि बाकावर बसले. बसल्या बसल्या कारागिरांवर तोंड सुटलं. "टाका जवळ घाल! कापूस भरतोयस की भीक घालतोयस?" दुपारपर्यंत सुई त्यांच्याच हातात होती.

नेमक्या तेव्हाच कामगार खात्याच्या तपासनीस बाई आल्या. मी सुई हिसकावली. मिस्त्री समोरच्या गादीवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बाईंनी रजेच्या नोंदी पाहिल्या, मान डोलावली. "आणि हे कोण?"

"गिऱ्हाईक. गादी बघतायत."

"मिशीत कापूस आहे त्यांच्या."

"आतून बघितली," मिस्त्री डोळे न उघडताच म्हणाले.

बायकोने तोंड फिरवलं. बाई काही जागच्या हलेनात. आता विक्री केल्याशिवाय सुटका नव्हती. मी पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि रोजच्या सवयीने विचारून बसलो, "सिंगल देऊ की डबल?"

मिस्त्री उठून बसले.

"सिंगल," म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई गेल्यावर मी पावती रद्द करायला लागलो, तर त्यांनी हात धरला. "राहू द्या, मालक. खरंच हवीय. डबलवर झोप लागत नाही. हात पसरला की शेजारची जागा गार लागते. आणि उद्यापासून येत नाही मी. तुम्हाला दंड नको."

गादी पोचवायला मी स्वतः गेलो. दुसऱ्या दिवशी उशी राहिली म्हणून गेलो, मग खोळ द्यायला. त्यानंतर द्यायला काहीच उरलं नाही, तरी संध्याकाळी दुकानाला कुलूप लावून रिकाम्या हातांनी त्यांच्या दारात उभा राहिलो.

काय आणलंय, असं मिस्त्रींनी विचारलं नाही. बाजूला सरून मला आत घेतलं.