कुंकवाखालची रेघ

"बघा सार, छप्पर उडालं, पण तुमचे बोल्ट काही सुटले नाहीत," असं म्हणत राजगोपालने ती फळी राघोत्तमच्या पुढ्यात ठेवली.

राजगोपाल बोटीचा मालक. त्याची बोट अकरा दिवसांपासून बेपत्ता होती, आणि तिच्या केबिनच्या छपराची ही फळी आज सकाळी दुसऱ्या कुणाच्या जाळ्यात आली होती. वायरलेसची अँटेना धरून ठेवणारं ब्रॅकेट तिला अजून चिकटून होतं. चेन्नईतल्या काशिमेडूच्या धक्क्यावर माणसं जमली. राघोत्तमचं काम पक्कं असल्याचं तमिळमध्ये एकमेकांना सांगू लागली. दुसरं बोलण्यासारखं काही नव्हतंच.

राघोत्तम तंजावरकडचा मराठी माणूस. अंबत्तूरचा रेडिओचा कारखाना बंद पडल्यावर तो बोटींवरचे वायरलेस आणि जीपीएस सांभाळायला लागला, त्याला वीस वर्षं झाली. बाकीचे मेकॅनिक मशीन उघडून बसत, हा आधी बोल्ट बघे. इंजिन दिवसरात्र बोट हलवत असतं, मशीन बिघडण्याआधी त्याचे नट सैल होतात, हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की त्याला येताना पाहून लोक स्वतःच म्हणायला लागत. दर पंधरा दिवसांनी तो पाना घेऊन फिरे. नट आवळला की नटावरून खालच्या पट्टीपर्यंत लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढी. रेघ सलग असेल तर नट जागेवर, तुटली असेल तर फिरला. नेलपॉलिश बायकोचं. विद्यालक्ष्मीने ते भाच्याच्या लग्नासाठी घेतलं होतं आणि तिच्या नखाला त्याचा थेंबही लागला नव्हता.

या बोटीचे पंधरा दिवस नेमके आयुधपूजेला भरले. पाना घरी देवीपुढे होता, गंध लावून. दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हत्यार उचलायचं नसतं.

"पान्याला हात लावूं नकां हं," विद्यालक्ष्मी म्हणाली होती. "उद्यां पूजा झाल्यावर अस्कं सामान घेऊन जा."

"उद्यां पहाटे ती बोट जाते की."

"पंधरा दिवसांनीं येते की परत. पळून जाते का काय?"

तो रिकाम्या हातांनीच गेला. बोटीचीही पूजा झाली होती. केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, आणि चालक एळुमलैने भक्तिभावाने प्रत्येक नटावर अंगठ्याएवढं चंदन आणि कुंकू माखलेलं. त्याखाली रेघ कुठे दिसणार? कमरेला फडकं होतं, एकदा फिरवलं असतं तर दिसली असती. पण सणाच्या दिवशी ताजं कुंकू पुसायला राघोत्तमचा हात धजेना. त्याने अंगठ्याने ब्रॅकेट दाबून पाहिलं. हललं नाही.

"ठीक आहे ना सार?" एळुमलैने विचारलं.

"ठीक आहे," राघोत्तम म्हणाला.

पाचव्या दिवशी वादळाचा इशारा वायरलेसवर आला. बाकीच्या बोटी माघारी फिरल्या. या बोटीला सगळ्यांनी हाका मारल्या, तिच्याकडून उत्तरच आलं नाही.

आता ती फळी समोर होती. समुद्राने कुंकू धुऊन नेलं होतं, नेलपॉलिश तेवढं राहिलं होतं. तीन बोल्टांवरच्या तिन्ही रेघा तुटलेल्या, नटावरचा तुकडा एकीकडे आणि पट्टीवरचा दुसरीकडे. चौथा बोल्ट नव्हताच. त्याचं भोक घासून घासून लांबट झालं होतं. असं भोक एका वादळात होत नाही, त्याला दिवसचे दिवस हलावं लागतं. म्हणजे इशारा आला तेव्हा अँटेना केव्हाच कलंडून वायर तुटलेली होती. हे त्या गर्दीत एकट्या त्यालाच वाचता येत होतं, आणि लोक त्याची पाठ थोपटत होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तेवढ्यात एळुमलैची बायको अंजलै आली. गर्दी बाजूला झाली. ती फळीशी बसली, ब्रॅकेटवरून हात फिरवला.

"अम्मा," राघोत्तम म्हणाला. "त्या दिवशी मी पाहिलंच नाही. कुंकू पुसलं नाही. बोल्ट सैल होते. वायरलेस वादळाच्या आधीच बंद पडला होता. चूक माझी आहे."

तिने शिव्या द्याव्यात, तोंडात मारावी, याची तो वाट पाहत होता. राजगोपाल मान फिरवून पाण्याकडे बघू लागला.

अंजलैने मान वर केली. अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं.

"म्हणजे वायरलेस बिघडलाय," ती म्हणाली. "म्हणून बोलत नाहीयेत ते."

राघोत्तमने चौथ्या बोल्टाच्या रिकाम्या भोकावर बोट ठेवलं.

"मी म्हणत होते ना? असलेच पाहिजेत कुठेतरी. बोलता येत नाहीये, एवढंच." तिने फळी त्याच्याकडे सरकवली. "हे नीट करून ठेवा सार. आले की लगेच लावायला लागेल."

राघोत्तमने पिशवी उघडली. तीन बोल्ट आवळले, डब्यातून नवा काढून चौथ्या भोकात घातला. भोक मोठं झालेलं, म्हणून दोन वॉशर लावले आणि पाना फिरवत राहिला. मग बाटली काढून चारही नटांवर एकेक रेघ ओढली. रेघा सरळ आल्या.

"घट्ट बसलं?" अंजलैने विचारलं.

"बसलं," तो म्हणाला, आणि रेघा वाळेपर्यंत फळी मांडीवर धरून बसला.